गावची जागा कोणी घडवली, कोणी राखली?

 

आज इतिहास सांगायचा आहे. राजे येतील त्यात, पण थोडेच. गोष्ट आहे आपल्या गावातल्या अशा जागांची, ज्या कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. पाणवठा, तलाव, विहिरीचा ओटा, वडाचा पार, चावडीपुढचं मोकळं, गुरांची चराई, स्मशानाची वाट. या जागा आपोआप झालेल्या नाहीत. कोणीतरी खोदल्या, बांधल्या, झाडल्या, राखल्या. कोणी राखल्या हे मात्र लिहून ठेवलेलं फारसं सापडत नाही. म्हणून जिथं जिथं काही लिहिलेलं आहे, तिथून सुरुवात करू.

वत्सगुल्मापासून

आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेन राजानं ही शाखा सुरू केली. पुढं याच शाखेत हरिषेण राजा झाला. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात आहे. म्हणजे जगभरातून लोक जी लेणी पाहायला येतात, त्यांचा आपल्या गावाशी संबंध आहे.

१९३९ साली वाशिमला एक ताम्रपट मिळाला. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं दानपत्र. विंध्यशक्ती दुसरा या राजाचं. त्यात राजाच्या वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, आणि गाव दान दिल्याचा व्यवहाराचा भाग प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत. व्यवहार लोकांना कळावा लागतो, ही समज सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीही होती.

वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. दान दिलेल्या गावाला कशाकशाची माफी आहे, याची त्यात यादी आहे. गावाकडून फुलं आणि दूध घ्यायचं नाही, चारा, बसायची कातडी आणि कोळसा मागायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. एका गावाला माफी दिली, याचा अर्थ इतर गावांना हे सारं द्यावं लागत होतं. राजाची माणसं आली की गावानं दूध काढायचं, चारा आणायचा, कोळसा पुरवायचा. आता सांगा, घरात दूध कोण काढतं? चारा कोण आणतं? गावच्या रानातून जे गोळा होतं त्यावर बाहेरच्यांचा डोळा तेव्हाही होता, आणि ते गोळा करायची मेहनत घरच्यांची होती.

वाशिम शहरात पद्मतीर्थ आहे. या गावात एकशे आठ तीर्थं होती अशी श्रद्धा आहे. बालाजीचं मंदिर भोसल्यांच्या काळात, १७७९ साली, भवानी काळू यांनी बांधलं. मंदिर कोणी बांधलं ते आपल्याला माहीत आहे. पण तलाव मंदिरासारखा नसतो. तो एकदा खोदून संपत नाही. दर पावसाळ्यात चढावरची माती वाहत येते आणि तळाशी बसते. काही वर्षांनी गाळ काढला नाही, तर तलावाची बशी होते. पाणी पसरतं, उन्हात लवकर आटतं, खाली जमिनीत मुरत नाही. म्हणून ज्या अर्थी एखादा जुना तलाव आजही पाणी धरतो, त्या अर्थी मधल्या काळात कितीतरी वेळा लोकांनी टोपल्यांनी गाळ उपसला असणार. त्यांची नावं कोणत्याही पत्र्यावर नाहीत.

कापूस आला, चराई गेली

आता एकदम पुढं येऊ. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजांनी जमीन मोजली. प्रत्येक शेताला नंबर, हद्द आणि रयतेचं नाव. नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजार होते, त्यांनी बांधलेले तलाव आजही मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. आपल्याकडे ती पद्धत नव्हती, रयतवारी होती. शेत ज्याच्या त्याच्या नावावर झालं, आणि जे कोणाच्याच नावावर नव्हतं ते सरकारचं झालं. तुम्ही आजही म्हणता ना, "गुरं ई-क्लासात गेली"? हे ई-क्लास नाव इंग्रजी अमदानीतल्या जमिनीच्या वर्गवारीतून आलेलं आहे. चराईसाठी सोडलेली जमीन ती. बाकी महाराष्ट्रात लोक गायरान म्हणतात, आपण वऱ्हाडात ई-क्लास म्हणतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. रेल्वे आली. ज्याला जमलं त्यानं पडीक नांगरलं, कापूस पेरला. हातात रोकड आली, हे खरं. पण चराई घटली, आणि जंगल सरकारनं राखीव केलं. कापूस खाता येत नाही. तो विकायचा आणि त्या पैशात धान्य घ्यायचं, असा घराचा हिशेब झाला. पाऊस गेला की दोन्हीकडून मार बसायचा. शेतात पीक नाही, मजुरी नाही, आणि बाजारात धान्याचे भाव चढलेले.

तसंच झालं. १८९६-९७ ला दुष्काळ पडला. तो सोसून लोक उभे राहतात न राहतात, तोच १८९९-१९०० चा पडला. जुनी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. त्या वेळी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रज त्याला बासिम लिहीत. पुसदही त्यात होतं. १९०१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या भरली ३,५३,४१०. दहा वर्षांत ११ टक्के घट. म्हणजे जिथं नऊ माणसं होती, तिथं आठ उरली. तुमच्या गटात दहा-बारा जणी बसतात, त्यातली एक जागा रिकामी झाली असं समजा. आणि हे प्रत्येक गटात, प्रत्येक गावात. १९०५ साली तर जिल्हाच मोडला. वाशिम-मंगरूळ अकोल्याला, पुसद यवतमाळला. पुन्हा वाशिम जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

पाणवठा सगळ्यांचा होता का?

इथं थोडं थांबू. जुन्या गावाबद्दल बोलताना आपण म्हणतो, पूर्वी सगळं सगळ्यांचं होतं. तसं नव्हतं. एकाच गावात पाणवठे वेगळे होते. काही बायांना विहिरीपासून लांब उभं राहावं लागे, कोणी वरून ओतलं तर घागर भरायची. दुष्काळात विहिरी आटत, तेव्हा ज्याला पाणवठाच नाही त्याचे हाल सर्वांत आधी होत.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाडच्या नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता. कागदावर तळं मोकळंच होतं. तरीही पाणी घेतल्यावर लोकांना मार खावा लागला, आणि कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. कागदावर जागा आपली असणं आणि प्रत्यक्षात तिथं पाय ठेवता येणं, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं, ते या इतिहासातून कळतं. बायांना हे वेगळं सांगायची गरज नाही. पारावर बसायला आपल्याला कोणता कायदा अडवतो? तरी किती जणी बसतो?

आपल्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा. शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले. १९०५ साली त्यांनी घर सोडलं, म्हणजे वाशिम जिल्हा मोडला त्याच वर्षी. गावात आले की बाबा आधी खराटा घेऊन रस्ता झाडत, नाली साफ करत, आणि कीर्तन रात्री. झाडणं हे आपल्याकडे बाईचं आणि खालच्या मानलेल्या जातीचं काम समजलं जाई. ते काम त्यांनी भर चौकात, पुरुषानं, सगळ्यांसमोर केलं. २००० पासून राज्यात त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालू झालं. अभियानात बक्षिसं मिळाली, गावं चकचकीत झाली. पण खराटा कोणाच्या हातात, हा बाबांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

खडी फोडणाऱ्या बाया

१९७२ चा दुष्काळ आपल्या सासवांना आठवतो. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे जुन्या वाशिम जिल्ह्याच्या मातीतले. त्या दुष्काळात राज्यभर सरकारी कामं निघाली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या. उन्हात बसून खडी फोडायची, पोर सावलीला झोळीत. सुकडी मिळायची, परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची.

या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांनी तो विचार मांडला होता. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. पुढं २००५ ला सगळ्या देशासाठी असा कायदा आला, त्याच्या मागं महाराष्ट्राचा हा अनुभव होता. १९०० मध्ये दुष्काळानं माणसं गेली, १९७२ मध्ये तशी गेली नाहीत. दुष्काळ पडणं आपल्या हातात नसतं. दुष्काळात काय करायचं ते ठरवणं हातात असतं.

पण एक गोष्ट बघा. तलाव कुठं खोदायचा, रस्ता कोणत्या वस्तीकडं न्यायचा, हे खडी फोडणाऱ्या बाईला कोणी विचारलं नाही. टोपली तिच्या डोक्यावर होती, नकाशा दुसऱ्याच्या हातात.

किल्लारीनंतर

तो नकाशा बाईच्या हातात येण्याची एक मोठी गोष्ट आपल्या शेजारच्या मराठवाड्यात घडली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं, झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

जी गावं पूर्ण मोडली होती, अशी ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सिमेंटची घरं, रांगेत. घरं मजबूत होती. पण जुन्या गल्लीत चार घरांचं मिळून जे अंगण होतं, जिथं बाया निवडत-टिपत बसायच्या, एकमेकींच्या पोरांवर नजर ठेवायच्या, ते त्या आराखड्यात कुठं नव्हतं. रस्ते इतके रुंद की शेजार लांब गेला. आराखडा काढणाऱ्यांनी घर मोजलं, शेजार मोजला नाही.

ज्या गावांत घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथं मात्र वेगळी वाट निघाली. सरकारनं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकांना कामात सामील करून घेण्याची जबाबदारी दिली. प्रेमा गोपालन त्या कामाच्या पुढं होत्या. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. या बायांनी काय केलं? घर भूकंपात का पडतं ते शिकल्या. भिंतीला पट्टा कुठं घालायचा, कोपरे कसे बांधायचे, सिमेंट किती, पाणी किती दिवस मारायचं. मग घरोघरी जाऊन सांगितलं, मिस्त्रीच्या कामावर नजर ठेवली, अनुदानाचा हप्ता कुठं अडला ते इंजिनिअरला विचारलं. ज्या बाईनं आधी चावडीची पायरी चढली नव्हती, ती तहसीलमध्ये जाऊन बोलू लागली. घरांचं काम झाल्यावर ही मंडळं मोडली नाहीत. त्यातून बचत गट झाले, पाणी, आरोग्य, शेती अशी कामं निघाली. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भुजचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बाया तिथल्या बायांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या.

योग असा की १९९३ सालीच पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या.

आज आपल्यापाशी काय आहे

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. पाऊस आला तर दोन दिवसांत सारा, नाही तर तीन आठवडे खंड. २०१८ पासून वाशिम देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सरळ भाषेत मागे राहिलेला जिल्हा. २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आपला कारंजा तालुका होता. पंचेचाळीस दिवस लोकांनी टिकाव-फावडं घेऊन समतल चर खोदले, बांध घातले. श्रमदानाला बाया होत्या, पोरीबाळी होत्या. त्याच वर्षी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. तलावाचंही भलं, शेताचंही.

पण चरात दोन-तीन पावसाळ्यांत माती भरते. स्पर्धा संपली की चराकडं कोण बघतं? वत्सगुल्माच्या तलावांचा धडा हाच आहे. खोदणं एकदाचं, राखणं दरसालचं. आणि दरसालचं काम तिथंच होतं, जिथं ते कोणाचं तरी ठरलेलं असतं.

या जागांना कायद्याचा आधार आहे. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं पंजाबातल्या एका गावच्या तळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, निकाल दिला. गावच्या सामाईक जमिनी गावाच्या उपयोगासाठी आहेत, त्यांवरची बेकायदा अतिक्रमणं काढून त्या ग्रामसभेला परत करण्याची योजना सर्व राज्यांनी करावी, असं त्यात सांगितलं. मात्र इथं आपण डोळे उघडे ठेवायचे. ई-क्लासवर ज्यानं ट्रॅक्टर लावून दहा एकर दाबली तो, आणि जिचं घरच तिथं आहे किंवा जी भूमिहीन बाई अर्धा एकर कसून पोट भरते ती, या दोघांना एका मापानं मोजू नये. कोर्टानंही भूमिहीनांसाठी दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. आणि आपल्या राज्यात १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या गायरान अतिक्रमणांबाबत अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांसाठी नियमित करण्याचा निर्णय झालेला आहे. गावची जागा राखायची म्हणून गरिबाला हुसकायचं, असं आपल्या गटानं कधी करू नये. तसं केलं तर पाणवठा पुन्हा काहींचाच होईल.

दुसरा आधार ग्रामसभेचा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी गटांच्या कामानिमित्त गावोगाव फिरते. एका गावात महिला ग्रामसभेचं रजिस्टरच घरोघरी फिरलं. सभा झाली नाही, सह्या झाल्या. विचारलं तर एक काकू म्हणाल्या, "बाई, सही करा म्हटलं, केली. कशाची ते कोण सांगते?" त्या सहीखाली तलावाशेजारच्या जागेचा ठराव होता. काकूंची बकरी तिथंच चरते.

म्हणून पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते-व्याजाचा हिशेब झाल्यावर अर्धा तास काढा. तीन गोष्टी करा. पहिली, शिवार फेरी. दोन्ही-तिन्ही गटांच्या बाया, सगळ्या वस्त्यांतल्या, तांड्यातल्यासुद्धा, मिळून गावाभोवती फिरा. जुनी विहीर, तलाव, नाला, चराई, पार, काय कुठं आहे आणि कशा अवस्थेत आहे, ते वहीत उतरवा. सोबत एक-दोन म्हाताऱ्या घ्या, त्यांना जुनी नावं माहीत असतात. दुसरी, कागद. गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई मध्ये असते. वहीतलं आणि कागदावरचं जुळतं का ते बघा. तिसरी, एकच जागा निवडा. सगळं गाव सुधारायला निघू नका. एक विहीर, एक तलाव किंवा एक पार. तिचा गाळ कधी काढायचा, झाडाला पाणी कोणी घालायचं, तिथं कोणालाही मज्जाव नाही हे कोण बघणार, याचा ठराव महिला ग्रामसभेत लिहून घ्या, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. जवळची तारीख बघा आणि कामाला लागा. तुमच्या गावातल्या जागेचं जुनं नाव काय, ती कोणी खोदली असं म्हातारी माणसं सांगतात, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या भागात तुमच्या गावांची नावं घेऊन ते वाचून दाखवू. नमस्कार.